तीन वाती

रात्री सव्वादोनला हायवेचे ट्रक विरळ होतात,
तेव्हा यंत्र मांडायचं असं ठरलं.
सभामंडपात, दगडी कासवाच्या शेजारी,
तीन पितळी पाय, एक हिरवा दिवा.
"वीस मिनिटं कुणी हलायचं नाही," मी म्हटलं.
गोदूबाई गुरव घंटेखाली जाऊन उभ्या राहिल्या,
लोळा पदरात गुंडाळून,
तापलेल्या पोराचं डोकं धरावं तशा.

पडद्यावर रेघ थरथरत होती.
"आला का?" त्यांनी नुसत्या ओठांनी विचारलं.
नाही. हे रोजचंच.
लांबवर मालगाडी, कुठल्याशा कारखान्याचा पंप,
खंभातच्या आखातात फुटणारं पाणी.
जमीन कधीच स्वस्थ बसत नाही,
आपण बसतो आणि तिलाही बसलेली धरतो.
मधेच एक बारीक उचकी उमटली.
विश्वामित्रीत मगर घसरली असावी.
मी वहीत लिहिलं: कारण अज्ञात.

वीस मिनिटं झाली. त्यांनी पदर सोडला,
घंटा वाजू दिली नाही.
मग स्वतःहून सांगू लागल्या,
त्या सव्वीस जानेवारीचं.
शाळेत झेंडा वर जात होता, इथे अभिषेक चालू होता,
आणि पिंडीवरचं तांब्याचं पात्र झुलायला लागलं.
धार शाळुंकेबाहेर. नंदीकडे. परत.
"पळाला नाहीत?"
"पात्र झुलतंय तोवर पाणी कुठं पडेल ते बघायला नको?
मोजत बसले. जपाची सवय.
त्र्याहत्तर झोके."

माझ्याकडे त्या सकाळची या जागेची एकही नोंद नव्हती.
मी साखळीची लांबी मोजली. त्र्याहत्तर लिहून घेतले.

ईशान्येच्या कोपऱ्यात भेग होती,
कमानीच्या खांद्यापासून कोनाड्यापर्यंत,
वरून सिमेंट, सिमेंटवर ऑइलपेंट, पेंटवर ॐ.
सिमेंट चुन्याला सोडून सुटं झालेलं.
मी जाडी मोजायची पोलादी पानं काढली.
त्या म्हणाल्या, थांबा,
आणि ताटातली फुलवात नाही, लांब वात घेतली,
वळली, भेगेत सारली.
"तेव्हा एक जायची.
पुराच्या वर्षी दोन.
आता तीन जातात, आणि चौथी अडते."
"कापूस तोच?"
"कापूस तोच, मांडीही तीच, वळणारीही मीच."
पोलादाचं पान त्यांच्या वातीइतकंच आत गेलं.

आता आकडे.
खाली नदीचा गाळ, सेकंदाला दोनदा डुलतो.
वर वीट-चुन्याचं शिखर, दोनदाच, किंचित जास्त.
हे मला विश्वस्तांना समजावून देता येईना.
हसमुखभाई फाईल मिटून म्हणाले,
"बेन, मजबूत छे. जुनी माणसं बांधून गेली."
तेव्हा गोदूबाईच मागून बोलल्या:
"रामनवमीला पाळण्याची दोरी ओढतो ना,
जोर कुठं लावतो?
त्याच्या येण्याबरोबर आपलं ओढणं जुळलं
की करंगळीनंही वर जातो."
खोलीत पंख्याचा आवाज राहिला.
"इथं दोरी गाळाच्या हातात आहे, असं म्हणतायत या."

मी असं म्हटलं नव्हतं. मी हेच म्हटलं होतं.

शिफारस क्रमांक एक: कळसाखालचं सिमेंट काढणे,
अंदाजे आठशे किलो.
हसमुखभाईंचा नवा कळस ऑर्डर झालेला होता, सोन्याचा मुलामा,
अहमदाबादहून, आगाऊ रक्कम देऊन.
"कळस चढवतात, बेन. उतरवत नाहीत."
बैठक पुढच्या महिन्यावर गेली.
मग त्याच्या पुढच्या.

अहवालाच्या चौथ्या तक्त्यात एक रकाना आहे,
त्याला कार्यालयातून दोनदा प्रश्नचिन्ह आलं.
वर्ष. भेगेची रुंदी, मिलिमीटर. भेगेची रुंदी, वाती.
मी तो खोडला नाही.
तळटीप दिली: निरीक्षक, गो. गुरव.

परवा त्यांचा फोन आला.
आधी हवापाणी, आईची तब्येत, पगार वेळेवर होतो का.
मग, ठेवता ठेवता:
"चौथी आज अर्धी गेली."